तात्पर्याचा नवा अवतार

मुलांच्या पुस्तकांच्या दुकानांत आणि प्रदर्शनांत अलीकडे एक नवी मांडणी दिसू लागली आहे. पूर्वी पुस्तके वयानुसार लावलेली असत, आता ती तक्रारीनुसार लावली जातात. राग आवरत नाही त्याच्यासाठी हे, अंधाराला घाबरते तिच्यासाठी ते, धाकटे भावंड आल्यावर रुसून बसलेल्यासाठी तिसरे, घरातले कोणी वारल्यावर द्यायला चौथे आणि ताटातली पालेभाजी बाजूला सारणाऱ्यासाठी पाचवे. पालकही दुकानदारापुढे मुलाची लक्षणे सांगतात आणि त्यावर पुस्तक मागतात. अशा पुस्तकांच्या अखेरीस पालकांसाठी सूचना असतात, मुलांसाठी ‘तुला राग केव्हा येतो? तेव्हा तू काय करशील?’ असे प्रश्न असतात आणि उत्तरासाठी रिकाम्या ओळी असतात. या प्रवाहावरून शिक्षक, समुपदेशक, प्रकाशक आणि बालसाहित्यिक यांच्यात वाद रंगतो. एका बाजूचे म्हणणे असे की मुलांच्या मनाकडे आपण आजवर दुर्लक्ष केले, आता पुस्तकांनी हे काम अंगावर घ्यावे आणि कोणत्या अडचणीवर कोणते पुस्तक याची यादी प्रत्येक शाळेत असावी. दुसरी बाजू म्हणते की साहित्य ही कला आहे, तिला दवाखान्याच्या दारात उभे करू नका.

हा वाद चुकीच्या जागी चालला आहे असे मला वाटते, कारण दोन्ही पक्ष एक गोष्ट न तपासताच धरून चालतात. ती अशी की पुस्तकाचा मनावर होणारा परिणाम त्याच्या विषयातून होतो. रागावरचे पुस्तक रागावर काम करणार, हे दोघांनाही मान्य आहे. पहिल्याला तसे व्हायला हवे आहे, दुसऱ्याला नको आहे, एवढाच काय तो फरक. माझे म्हणणे वेगळे आहे. मुलांच्या पुस्तकांचा त्यांच्या प्रकृतीशी आणि मनःस्वास्थ्याशी संबंध आहे, आणि सरकारने त्यावर आरोग्य खात्याचा पैसा खर्च करावा इतका तो पक्का आहे. पण तो पुस्तकाच्या विषयातून फारच थोडा येतो. पुस्तक कोणाच्या शेजारी बसून वाचले, कोणी निवडले, किती वेळा वाचले आणि वाचून झाल्यावर मोठ्यांनी तोंड मिटून ठेवले की नाही, यांतून तो येतो. तक्रारवार याद्या नेमक्या याच गोष्टींकडे पाठ फिरवतात.

यादीच्या समर्थकांची बाजू मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. भारतात लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही. गेल्या दशकाच्या अखेरीस हे प्रमाण ०.७५ इतके मांडले गेले होते. त्यांतले मुलांवर उपचार करणारे आणखी मोजके आणि तेही बहुतेक मोठ्या शहरांत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. मेळघाटातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंच्या वर्गात बाप गमावलेले मूल गप्प बसून असेल, तर त्यांनी त्याला कोणाकडे न्यायचे? त्यांच्या हाती एखादे शहाणे पुस्तक दिले तर बिघडले कुठे? ‘आधी तज्ज्ञ गाठा’ हा सल्ला पुण्या-मुंबईत ठीक आहे; मेळघाटात तो निव्वळ हात झटकणे ठरतो. शिवाय काही बाबतींत पुस्तकाने थेट विषयालाच हात घालायला हवा, हेही मी मान्य करतो. पाळी, शरीराची ओळख, नकोसा स्पर्श, रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागणारा मधुमेह, दम्याचा पंप, यांबद्दल मुलाला आडवळणाने सांगण्यात शहाणपण नाही. मुलींना पाळीची माहिती देणारे ‘मेन्स्ट्रुपीडिया’ हे चित्रपुस्तक २०१४ मध्ये छापून आले आणि अनेक भारतीय भाषांत गेले, ते गरज होती म्हणूनच. घरात ज्या गोष्टीला नाव नाही तिचे नाव छापलेले दिसले की मुलाचा जीव निम्मा हलका होतो. माहितीच्या पुस्तकाने उपयोगी असलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप आहे तो गोष्टीचा अंगरखा घालून आलेल्या सूचनापत्रकाला.

हे पत्रक नवे आहे असे मात्र कोणी समजू नये. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइन्रिख होफमान यांना १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक हवे होते. दुकानांत मिळाली ती सगळी उपदेशाने जड झालेली. शेवटी त्यांनी एक कोरी वही आणली आणि स्वतःच पद्ये रचून चित्रे काढली. पुढच्या वर्षी ते पुस्तक छापले गेले आणि ‘श्ट्रुवेलपेटर’ या नावाने जगभर गेले. त्यात सूप पिणार नाही म्हणणारा कास्पर वाळत वाळत पाचव्या दिवशी मरतो, अंगठा चोखणाऱ्या मुलाचे दोन्ही अंगठे एक शिंपी भल्या मोठ्या कात्रीने छाटून टाकतो आणि काडेपेटीशी खेळणारी मुलगी जळून राख होते. आहार, सवयी, सुरक्षितता, असे आजच्या यादीतले सगळे मथळे त्यात आहेत. होफमान पुढे शहराच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले, म्हणजे लेखकाच्या अधिकाराबद्दलही शंका घ्यायला जागा नाही. मुलांनी ते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या मागून वाचले. त्यामुळे जर्मनीत अंगठा चोखणे कमी झाल्याचे कोणी नोंदवलेले नाही. पण याच होफमानांनी सांगून ठेवलेली आणखी एक गोष्ट मला त्या पुस्तकापेक्षा मोलाची वाटते. आजारी मूल डॉक्टरला पाहून रडू लागले आणि अंगाला हात लावू देईना की ते खिशातून कागद-पेन्सिल काढून झरझर चित्रे काढत आणि त्यांची गोष्ट सांगू लागत. मूल गोष्टीत गुंतले की त्यांची तपासणी होऊन जाई. एकाच माणसाच्या हातून दोन्ही झाले. खाटेशेजारी बसून काढलेल्या चित्राने मूल शांत झाले, आणि छापील धाकाने पालक खूष झाले. आज आपण यातले दुसरे शिकून पहिले विसरत आहोत.

मराठीत तर मुलांसाठी छापलेली गोष्ट जन्मली तीच इसापाचे बोट धरून. तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टींचा मराठी अनुवाद छापला गेला, आणि तेव्हापासून गोष्टीच्या तळाशी तात्पर्य असल्याखेरीज ती मुलांपुढे ठेवू नये अशी आपली समजूत झाली. शाळेच्या पुस्तकांनी ती घट्ट केली. ‘खोटे बोलू नये’, ‘आळस करू नये’, ‘मोठ्यांचे ऐकावे’ या ओळींची जागा आता ‘राग आला की दीर्घ श्वास घ्यावा’, ‘भीती वाटली तर मोठ्यांशी बोलावे’ या ओळींनी घेतली आहे. आशय सौम्य झाला, सूर मवाळ झाला, चित्रे सुंदर झाली. रचना तीच राहिली. मूल चुकलेले आहे, गोष्ट त्याला वळण लावणार आहे आणि गोष्टीचा खरा अर्थ मोठ्यांकडे जमा आहे, ही तिन्ही गृहीते जशीच्या तशी आहेत. पूर्वी मुलाच्या वागण्याला वळण लावले जाई, आता त्याच्या भावनांना लावले जाते, आणि ते मला अधिक खोल जाणारे नियंत्रण वाटते.

उपदेशासाठी गोष्ट वापरण्यात मुळातच दोष आहे काय? तसे नाही. पंचतंत्राची प्रस्तावनाच सांगते की राजाच्या तीन मंदबुद्धी मुलांना सहा महिन्यांत शहाणे करण्याची पैज घेऊन विष्णुशर्म्याने हा ग्रंथ रचला. पण त्याने केले काय? एका गोष्टीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी अशी घातली आणि ऐकणाऱ्याला स्वतःची वाट स्वतः शोधायला लावली. मित्रभेदात कपटी दमनक जिंकतो आणि निरपराध संजीवक बैल जिवानिशी जातो. नीतीचा ग्रंथ म्हणवणाऱ्या पुस्तकाने श्रोत्यावर एवढा भरवसा टाकला होता. आजचा संपादक ते हस्तलिखित ‘शेवट सकारात्मक करून पाठवा’ असे लिहून परत करील. गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक वर्गात पाऊल टाकतो आणि अभ्यासक्रम बाजूला ठेवून आधी गोष्टीच सांगू लागतो, तेव्हा त्यालाही हाच प्रश्न विचारला जातो की यातून शिकवले काय. ते पुस्तक १९३२ चे. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेले. आज ज्या अंगणवाडीला आपण पोषण आणि लसीकरणाची शेवटची पायरी मानतो, तिच्या कल्पनेच्या मुळाशी गाणी आणि गोष्टीही होत्या, हे लक्षात ठेवलेले बरे.

शेवटी येणारे ते प्रश्न आणि त्या रिकाम्या ओळी यांच्याबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण सगळे नुकसान तिथे होते. दुखावलेल्या मुलाला गोष्ट जी सोय देते ती आडोशाची. गोष्टीतले अस्वल रागावलेले असते, मूल नव्हे. अस्वलाची आई त्याला सोडून गेलेली असते, मुलाची नव्हे. या आडोशामागे उभे राहून मूल अस्वलाबद्दल भरभरून बोलते, कधी ते पान पुन्हा पुन्हा काढायला लावते, कधी नेमके तेच पान घाईने उलटून टाकते. जाणत्या मोठ्या माणसाला यातून कळायचे ते सगळे कळते. ‘आता तुझ्याबद्दल सांग’ असे म्हणताच तो आडोसा आपण स्वतःच्या हाताने काढून घेतो, आणि वर्गात असलो तर चाळीस मुलांच्या देखत काढून घेतो. ज्या मुलीचा बाप रोज रात्री पिऊन येतो तिने ‘तुला भीती केव्हा वाटते?’ या ओळीवर काय लिहायचे? ती ‘पालीची’ असे लिहील. बाई वही तपासून बरोबरची खूण करतील. मुलगी त्या दिवशी एवढेच शिकेल की भावनांच्या तासालाही अपेक्षित उत्तर द्यायचे असते. मोठ्या माणसाने कादंबरी वाचून खाली ठेवल्यावर ‘यातून तू काय शिकलास आणि आता घरी कसा वागशील?’ असे त्याला कोणी विचारत नाही. विचारले तर तो पुन्हा त्या माणसासमोर पुस्तक उघडणार नाही.

हे केवळ रुचीचे मत आहे असा आक्षेप येईल, म्हणून पुराव्याकडे वळतो. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात गरीब कुटुंबांसाठी एक उपक्रम चालवला गेला. बाळाला तपासणीसाठी आणले की एक प्रशिक्षित कार्यकर्ती आईला एखादे पुस्तक किंवा खेळणे देई, दोघांचे खेळणे-वाचणे काही मिनिटे चित्रित करी आणि ते आईलाच दाखवून तिने काय छान केले ते सांगे. त्यावरचा अभ्यास २०१८ मध्ये ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात आला. ६७५ कुटुंबे त्यात होती. पहिल्या तीन वर्षांचा उपक्रम संपून दीड वर्ष उलटल्यावरही त्या मुलांमध्ये आक्रमकता आणि अतिचंचलता इतरांपेक्षा कमी आढळली. त्या बाळांना रागावरची पुस्तके दिलेली नव्हती. साधी चित्रांची पुस्तके होती. बदलले होते ते आईचे मुलाशी वागणे. ब्राझीलमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ८१ मुलांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना अर्धा तास गोष्टी सांगितल्या, काहींना तितकाच वेळ कोडी घातली. सोबत मिळाल्याने दोन्ही गटांना बरे वाटले, पण गोष्टी ऐकलेल्या मुलांची वेदना आणि लाळेतल्या कॉर्टिसॉलचे, म्हणजे ताण आला की वाढणाऱ्या संप्रेरकाचे, प्रमाण अधिक उतरले. तिथे गोष्ट निवडण्याचा अधिकार मुलाकडे होता आणि गोष्टी नेहमीच्याच होत्या. आजाराला कसे तोंड द्यावे हे शिकवणाऱ्या नव्हत्या.

उलट बाजूचा पुरावाही दडवायला नको. ऑस्ट्रेलियात अतिचिंतेने ग्रासलेल्या २६७ मुलांवर पुस्तकाद्वारे उपचार करून पाहिले गेले, तो अभ्यास २००६ चा. नुसती वाट पाहत राहिलेल्या मुलांच्या तुलनेत सुमारे १५ टक्के अधिक मुले त्या विकारातून बाहेर पडली. हा फायदा छोटा नाही, आणि यादीवाले तो हक्काने सांगू शकतात. पण दोन गोष्टी त्यांनी सोबत सांगायला हव्यात. प्रत्यक्ष गटउपचारापेक्षा पुस्तक कमी पडले, ही एक. आणि ते पुस्तक मुलांसाठी नव्हतेच, ते पालकांसाठी होते, ही दुसरी. आजारावर लिहिलेले पुस्तक कामी येते ते मोठ्या माणसाच्या हातात. मुलाच्या हाती गोष्टच द्यावी, असे मला त्यातून दिसते.

आता अंधाराचा मुद्दा. भावनिक आरोग्याच्या नावाखाली मृत्यू, हिंसा, मत्सर, सूड हे सगळे मुलांच्या गोष्टींतून वेचून बाहेर काढण्याची मोहीम चालू आहे. पावसात भिजणाऱ्या कावळ्यासाठी चिऊताई आता पहिल्या हाकेलाच दार उघडते. अमेरिकन चित्रकथाकार मॉरिस सेंडॅक यांचे जंगली प्राण्यांच्या बेटावर जाणाऱ्या रागीट मुलाचे पुस्तक १९६३ मध्ये आले तेव्हा तिकडेही असाच गदारोळ झाला होता. ब्रूनो बेटलहाइम या नामांकित मानसतज्ज्ञाने १९६९ मध्ये एका महिला मासिकातल्या सदरात त्यावर टीका केली, आणि तीही पुस्तक स्वतः न वाचता. गोष्टीतली आई मुलाला उपाशी झोपायला पाठवते, त्याने वाचणारे मूल धास्तावेल, असा त्यांचा मुद्दा होता. ग्रंथपालांचा अनुभव वेगळा होता: मुले ते पुस्तक पुन्हा पुन्हा मागत होती. हेच बेटलहाइम १९७६ मध्ये परीकथांतल्या क्रौर्याची मुलांच्या मनाला गरज असते असे सांगणारा ग्रंथ घेऊन आले, तेव्हा त्यांची बाजू बदलली होती की फक्त पुस्तक जुने असल्याने त्याची भीती गेली होती, कोण जाणे. मत्सर आणि राग मुलाच्या मनात गोष्ट शिरण्याआधीपासूनच असतात. गोष्टीतून ते वगळले की मुलाला एवढेच कळते की या भावना आपल्या एकट्याच्याच आहेत आणि त्या सांगण्यासारख्या नाहीत.

तरीही अशा गोष्टींनी मूल धास्तावेल या आक्षेपाचा एक भाग मी खोडू शकत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या ज्या मुलांनी आपले घर पाण्यात गेलेले पाहिले, त्यांना शेणाचे घर वाहून गेल्याची गोष्ट त्याच महिन्यात हसत हसत सांगता येईल का? येणार नाही. पण हे समजते कोणाला? समोर बसून सांगणाऱ्याला. तो चेहरा पाहतो, थांबतो, गोष्ट वळवतो किंवा त्या दिवशी भोपळ्यातल्या म्हातारीची सांगतो. छापील यादीला चेहरा दिसत नाही. तिच्यात फार तर ‘आपत्ती’ असा मथळा असतो, आणि त्याखालचे पूरग्रस्त मुलाचे पुस्तक त्या मुलांना सगळ्यात आधी दिले जाण्याचा धोका असतो. आपल्याकडे मुलांना रडवण्याबद्दल सर्वांत प्रसिद्ध असलेले पुस्तक साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्याचा संस्कारांच्या नावाने जो वापर झाला, आईचे कष्ट दाखवून मुलाला सतत अपराधी ठरवण्याचा, त्याबद्दल माझ्या तक्रारी आहेत. पण त्याची घडण पाहा. त्यातली प्रकरणे म्हणजे ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशा रात्री आहेत. दिवसभराचे काम आटोपल्यावर माणसे गोळा होतात, एकजण सांगतो, बाकीचे ऐकतात आणि उरलेली गोष्ट उद्यावर जाते. शेवटी आईचा मृत्यू येतो तो इतक्या रात्री एकत्र बसल्यानंतर.

मुलांचा डॉक्टर आणि मुलांचा लेखक एकाच माणसात भेटण्याचे इतिहासातले सर्वांत मोठे उदाहरण पोलंडच्या यानुश कोरचाक यांचे. वॉर्सातल्या ज्यू वस्तीला नाझींनी भिंत घातली, तेव्हा ते आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांसह तिच्या आत राहिले. १८ जुलै १९४२ रोजी त्या मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. भूक, ताप आणि दहशत यांनी घेरलेल्या मुलांसाठी एका बालरोगतज्ज्ञाने निवडलेली ही संहिता होती. तिच्यात आहे काय? अमल नावाचा आजारी मुलगा आहे. वैद्याने त्याला वारा आणि ऊन वर्ज्य केले आहे, म्हणून तो खिडकीत बसतो आणि रस्त्यावरच्या दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या सुधाशी बोलतो, आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. घरातल्या वैद्याचे सारे उपाय दारे-खिडक्या बंद करण्याचे. शेवटी राजवैद्य येतो आणि सगळे उघडायला सांगतो, तोवर अमलची झोप लागत आलेली असते. श्वास कसा घ्यावा, धीर कसा धरावा, असे एकही वाक्य या नाटकात नाही. प्रयोगानंतर तीन आठवड्यांच्या आत कोरचाक आणि ती मुले यांना ट्रेब्लिंकाच्या नाझी मृत्युछावणीत नेऊन मारले गेले, त्यामुळे त्या निवडीने मुलांचे ‘काय भले झाले’ हे मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. पण मुलांच्या मनाची सर्वाधिक जाण असलेल्या एका डॉक्टरला सर्वात कठीण वेळी मुलांना उपदेश द्यावासा वाटला नाही. त्याने त्यांना उत्तम साहित्य दिले आणि ते एकत्र करायला लावले. आपल्या यादीच्या कोणत्या रकान्यात ते नाटक बसले असते?

इथवर वाचून कलावाद्यांना आपला विजय झाल्यासारखे वाटेल. तसे नाही. ‘साहित्याचा आरोग्याशी संबंध नाही’ असे म्हणणे ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत त्यांनाच परवडते, कारण त्यांच्या मुलांना ते आरोग्य मांडीवर बसल्या बसल्या फुकट मिळालेले असते. हेतू धरून लिहिले की साहित्य बिघडतेच, हेही खरे नाही. युनिसेफने नव्वदच्या दशकात दक्षिण आशियासाठी निर्माण केलेली कार्टूनमधली मीना पूर्णपणे हेतूतून जन्मली होती. तरी आंब्याची मोठी फोड भावाला, राजूला का, असे विचारून एक दिवस कामांची अदलाबदल करायला लावणारी ती मुलगी आणि तिचा मिठू पोपट मुलांना आवडले, कारण मीनाला स्वतःला काहीतरी हवे होते आणि ते मिळवण्याची युक्ती तिची होती. प्रश्न हेतूचा नाही. मुलाने अर्थ स्वतः लावावा एवढा धीर लेखकाला आणि देणाऱ्याला आहे की नाही, हा आहे.

या सगळ्या चर्चेत ज्यांचा उल्लेखही होत नाही ती मुले बहुसंख्य आहेत. अनुवादित पुस्तकांतले मूल आपल्या वेगळ्या खोलीत एकटे झोपायला घाबरते. आपल्याकडच्या बहुतेक घरांत एवढ्या खोल्याच नसतात आणि मूल आजीच्या कुशीत झोपलेले असते. त्याच्या भीती निराळ्या आहेत, मार खाण्याच्या, नापास होण्याच्या, आई-बाप ऊसतोडीला जाऊन परत येईपर्यंतच्या. मुलांना किती लिहिता-वाचता येते याची पाहणी करणाऱ्या २०२२ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. उरलेल्यांच्या हाती ‘भावनांचे पुस्तक’ देणे म्हणजे त्यांच्या अपयशात आणखी एका विषयाची भर घालणे होय. वाचता न येणे हेच कित्येक मुलांच्या भीतीचे आणि वर्गातल्या अपमानाचे कारण आहे. आई-बाप दमून येतात, त्यांना वाचता येत नाही, मग मांडीवर घेऊन वाचणार कोण, हा आक्षेप खरा आहे. पण त्यातून याद्यांचे समर्थन निघत नाही. अंगणवाडी सेविकेला, बीड-जालन्याकडच्या हंगामी वसतिगृहातल्या कार्यकर्तीला, गावच्या ग्रंथपालाला वाचून दाखवण्यासाठी वेळ आणि थोडे प्रशिक्षण द्यायला हवे, एवढेच त्यातून निघते. शब्द नसलेली चित्रपुस्तके निरक्षर आईलाही वाचता येतात, आणि कोरकू किंवा गोंडी बोलणारी आई ती आपल्या भाषेत वाचते.

यासाठी नवा कायदा लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तके असावीत असे स्पष्ट लिहिले आहे. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून शाळांसाठी दरवर्षी ५ ते २० हजार रुपयांच्या ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. पुस्तके येतात आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात जातात, कारण ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम मालमत्तेच्या नोंदवहीत, चढलेली असतात आणि एखादे हरवले तर वसुली कोणाकडून होईल हे सगळ्यांना ठाऊक असते. आरोग्य खात्याकडे तर याहून सोपी संधी आहे. अमेरिकेत १९८९ मध्ये बॉस्टनच्या सरकारी रुग्णालयातल्या दोन बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला आलेल्या प्रत्येक मुलाला एक पुस्तक देण्याची आणि ते कसे वाचून दाखवावे हे पालकांना सांगण्याची प्रथा सुरू केली. २०१४ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जन्मापासूनचे सहवाचन हा नेहमीच्या वैद्यकीय सल्ल्याचा भाग मानला. आपल्याकडे आई बाळाला घेऊन उपकेंद्रावर नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीसाठी येते आणि पुढे दीड-दोन वर्षांच्या सुमारास बूस्टरसाठी येते. लस दिल्यावर तिला अर्धा तास थांबवून ठेवलेलेच असते. त्या अर्ध्या तासात नर्सताईंनी किंवा आशाताईंनी जाड पुठ्ठ्याचे एक चित्रपुस्तक तिच्या हाती देऊन, बाळासमोर कसे धरायचे ते दाखवले आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लशीशेजारी त्याची नोंद केली, तर त्याला येणारा खर्च आज भावनिक विकासाच्या नावाने छापल्या जाणाऱ्या कृतिपुस्तिकांपेक्षा जास्त असणार नाही.

पुस्तके फाटतील, हा यावरचा प्रशासकीय आक्षेप आहे. नऊ महिन्यांचे बाळ पुस्तक चावणारच, आणि पहिलीतले मूल आवडते पान दुमडणारच. म्हणून सहा वर्षांखालच्या मुलांची पुस्तके डेडस्टॉकमध्ये न चढवता खडू आणि रंगांसारखी वापरून संपणारी वस्तू म्हणून नोंदवावीत, फाटलेल्या प्रतीसाठी कोणाकडूनही वसुली करू नये आणि पुढच्या वर्षीची खरेदी करताना आधी कोणत्या प्रती फाटल्या हे पाहावे. लेखापरीक्षणाच्या नियमात एवढी दुरुस्ती करायला कोणत्याही तज्ज्ञ समितीची गरज नाही.